मारुतची चोच

सानगडीच्या बाजारओळीत श्यामराव कापगत्यांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढचं, प्रकृती धडधाकट, स्वभाव चांगला. एकच खोट आहे. या माणसाला थांबता येत नाही. एसटी उभी राहायच्या आत ते उतरतात. चहा निवायच्या आत तोंडाला लावतात आणि मग दिवसभर जीभ पोळली म्हणून कुरकुर करतात. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, गावात सगळ्यांच्या आधी टाकणार ते, आणि पावसानं दगा दिला की दुसऱ्यांदा टाकणारेही तेच. लग्नासाठी मुलगी बघायला एकोडीला जायचं ठरलं, तेव्हा हे पठ्ठे एक दिवस आधीच जाऊन अंगणात उभे राहिले होते. देवकाबाई तेव्हा जुनेर नेसून, कोपरापर्यंत शेणानं भरलेल्या हातांनी सारवण करत होत्या.

"मले नटून बसायचीबी सवड नाही देली ह्यायनं," असं त्या आजही आल्यागेल्याला सांगतात.

"पसंत पडली ना? मंग उद्याची वाट कायले पाहाची?" हे श्यामरावांचं उत्तरही ठरलेलं.

दुकानाच्या मागे एक लहान खोली आहे. तिथे रंगाचे रिकामे डबे, चुन्याची पोती आणि एक काचेचं कपाट आहे. कपाटात प्लास्टिकची विमानं आहेत, श्यामरावांनी स्वतः जोडलेली. अशा माणसाला हा छंद लागावा, यात देवाचाच काहीतरी खोडसाळपणा असला पाहिजे. कारण या छंदात वाट पाहण्याशिवाय दुसरं फारसं काही नाही. खोक्यातून प्लास्टिकच्या चौकटी निघतात, चौकटींना शेकडो बारीक भाग लागलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि वाळू द्यायचे. मग सांध्यात पुट्टी भरायची, तीही वाळू द्यायची. मग रंगाचा एक हात, की पुन्हा वाळवण. रंग वाळला का हे बघितल्याशिवाय श्यामरावांना चैन पडत नाही, आणि बघायचं म्हणजे बोट लावूनच बघायचं. त्यामुळे कपाटातल्या एकूण एक विमानावर कुठे ना कुठे त्यांचा अंगठा उमटलेला आहे. कुठे पंखाखाली, कुठे शेपटीवर, एकाच्या तर थेट वैमानिकाच्या काचेवर.

हे अंगठे शोधून काढायचा मान गोपीचंदचा. गोपीचंद डोंगरवार हा श्यामरावांचा शाळेपासूनचा मित्र. तो चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. जमिनीच्या पोटात पाणी उपसायच्या पंपावर त्याची ड्युटी असते. पंप चालू करायचा आणि पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं, हे काम श्यामरावांना दिलं असतं तर ते पहिल्याच दिवशी पळून आले असते. गोपीचंदनं त्यात उभी हयात घालवली आणि कधी तक्रार केली नाही.

दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. बाहेरगावी गेलेली माणसं त्या दिवशी गावात येतात, घरोघरी पाहुणे, चौकात दुकानं, एका बाजूला दंडारीचा नाच. सानगडीच्या मंडईला गोपीचंद न चुकता येतो आणि गावात त्याचं घर असूनही आधी श्यामरावांच्या मागच्या खोलीत शिरतो.

कित्येक वर्षांपूर्वी अशाच एका मंडईला श्यामरावांनी त्याला आपलं पहिलं विमान दाखवलं होतं. नागपूरहून भाच्यासाठी म्हणून खोकं आणलं आणि भाच्याला दिलंच नाही, असं ते विमान. जोडलं झकास, पण चाकांवर ठेवलं की मागे कलायचं. शेपटी टेबलाला, चोच आढ्याला.

"हे काहून कोंबडीवानी बसलं गा?" गोपीचंद म्हणाला.

मग त्यानंच चोच सोडवली, खिशातून एक काळा खडा काढला आणि आत चिकटवून दिला. मँगनीजचा दगड, दिसायला एवढासा पण हाताला जड. चिखल्याच्या रस्त्यावर ट्रकमधून सांडतात तसला. चोचीत वजन आलं आणि विमान तिन्ही चाकांवर शहाण्यासारखं उभं राहिलं. तेव्हापासून रिवाजच पडला. पोट, पंख, शेपटी श्यामरावांची, चोच गोपीचंदची. श्यामराव सगळं जोडून ठेवत, चोचीचा सुटा तुकडा बाजूला ठेवत, आणि मंडईला गोपीचंद चिखल्याचा खडा आणून चोच बसवत असे. इतकी वर्षं हे असं चाललं की विमानाच्या नाकात वजन लागतं हा विचारच श्यामरावांच्या डोक्यातून निघून गेला. ते काम गोपीचंदचं होतं. गोपीचंद होताच.

आता मारुतची गोष्ट.

मारुत हे आपल्या देशात बनलेलं लढाऊ जेट. दोघं शाळेत असताना सहलीला नागपूरला गेले होते, तिथल्या प्रदर्शनात एक खरंखुरं मारुत उभं केलं होतं. लांबलचक चोचीचं, कमरेत बारीक, उन्हात चमकणारं. पोरांनी रांगेनं यावं, चाकाला हात लावावा आणि पुढे जावं, असं तिथल्या जवानानं सांगितलं. श्यामराव रांगेतून वाकून पुढे घुसले, चाकाला हात लावून पसार झाले. गोपीचंद रांगेत आपल्या जागी उभा राहिला. त्याच्या पुढे दोनचार पोरं उरली असताना गुरुजींनी शिट्टी फुंकली, बसची वेळ झाली, आणि त्याला बखोट धरून परत नेलं. तो रडला नाही. बसमध्ये श्यामरावांचा हात आपल्या हातात घेऊन त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कसं लागलं रे?"

"गरम," श्यामराव म्हणाले होते.

म्हणून युरोपातल्या एका चिमुकल्या कंपनीनं मारुतचं मोठं किट काढायचं जाहीर केलं, तेव्हा श्यामरावांनी दुकान उघडं टाकून रस्त्यावर येऊन गोपीचंदला फोन लावला. मोठं म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचं, हातभर लांब. एवढ्या आकाराचं मारुत आजवर कुणी काढलं नव्हतं. 'चिकट बोटं' नावाचा त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, नागपूर, पुणे, इंदूर, कोची असे कुठले कुठले विमानवेडे त्यात होते. तिथे तर त्या दिवशी दिवाळीच झाली.

आणि मग सुरू झाली वाट. आज साच्याचा फोटो आला, उद्या साचा बिघडल्याची बातमी. पावसाळ्यात येणार, नाही, हिवाळ्यात. कारखान्याला सुट्टी लागली, जहाज कुठल्यातरी बंदरात रखडलं. नागपूरचा कुलदीप म्हणून एक बँकेतला पोरगा होता, तो रोज सकाळी 'आजची खबर' टाकायचा आणि श्यामराव अंथरुणातच ती वाचायचे. ग्रुपवर आलेला पंखाचा एक अंधूक फोटो बोटांनी ताणून ताणून त्यांनी इतक्या वेळा पाहिला की देवकाबाईंनी, हा कुणाचा एक्स-रे, असं विचारलं. मधल्या काळात त्यांनी मारुतचा हिरवा रंग दुकानातल्या मशीनवर स्वतः मिसळून पाहिला. पहिला हिरवा पोपटी झाला, दुसरा शेवाळी, तिसरा जमला. त्या नादात डबीच्या जागी बादलीभर रंग तयार झाला. तो खपवायचा म्हणून शेजारच्या सत्यभामाबाईंच्या गळ्यात मारला. सत्यभामाबाईंच्या घराचं फाटक आज लढाऊ विमानाच्या रंगाचं आहे, हे त्या माउलीला ठाऊक नाही.

गोपीचंदनं इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. कुठलं विमान घ्यायचं, कुठला रंग द्यायचा, सगळं श्यामराव ठरवत. मारुतच्या वेळी मात्र तो फोनवर म्हणाला, "श्याम, एक आयक. खोकं तू आणजो, पण फोडू नोको. मी मंडईले येतो. याले पहिला हात माहा. अन् चोचीपासून मीच जोडीन, तू रंग देजो."

"अरे बाप्पा, हे काय सांगणं झालं?" श्यामराव म्हणाले. "तुहंच विमान आहे ते."

ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, हे इथे सांगायला हवं.

खोकं आलं ते ऐन दिवाळीच्या तोंडावर. कुरिअरवाल्याचा साकोलीहून फोन आला, उद्या पाठवतो म्हणाला. उद्या! श्यामराव गिऱ्हाईकाला 'बसा दोन मिनिटं' सांगून मोटारसायकलवर बसले आणि साकोलीहून खोकं छातीशी बांधून घेऊन आले. गिऱ्हाईक कंटाळून केव्हाच गेलं होतं. खोकं मागच्या खोलीत कपाटाच्या डोक्यावर ठेवलं. मंडईला अजून वेळ होता.

पहिले काही दिवस ते नुसतं खाली उभं राहून खोक्याकडे बघत. धान कापायला आलं होतं, मजूर मिळत नव्हते, बांधावर जायचं सोडून ते दुकानात, आणि दुकानातून मागच्या खोलीत. मग ग्रुपवर इतरांची खोकी पोचू लागली. कोचीच्या माणसानं आतल्या चौकटींचे फोटो टाकले. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या किटमध्ये चाकाचा एक भाग तुटका निघाला, तशी त्यांनी सगळ्यांना सूचना केली, आपापलं खोकं लगेच उघडून तपासा, तक्रारीला मुदत आहे.

बुडत्याला एवढं पुरे होतं. तपासायला नको का? गोपीचंदनं फोडू नको म्हटलं होतं, पण तुटकं निघालं तर त्याचाच विरस होणार. श्यामरावांनी चिकटपट्टीखालून ब्लेड घातलं. आत सगळं धडधाकट होतं. मारुतचं पोट दोन लांब अर्ध्या भागांत ओतलेलं होतं, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सलग. हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि मग हात लावल्याशिवाय तुटकं आहे की नाही ते कळणार कसं, म्हणून लावला.

पुढची घसरण सांगण्यात अर्थ नाही, कुणाचीही अशीच होते. तपासलेले दोन भाग एकमेकांना जुळतात का, हे बघण्यापुरते चौकटीतून कापले. जुळले. अगदी केस जाणार नाही असे जुळले. आत बसायचा वैमानिकाचा कक्ष नुसता बसवून पाहिला. मग त्याला आधी रंग देऊन ठेवला तर गोपीचंदचा तेवढा वेळ वाचेल असं वाटलं. इकडे कुलदीपनं ग्रुपवर जाहीर केलं की महाराष्ट्रातलं पहिलं मारुत नागपुरात उभं राहणार. एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं, देवकाबाई शेतावर होत्या. श्यामरावांनी गोंदाची बाटली उघडली आणि पोटाचे दोन्ही भाग चोचीपासून शेपटीपर्यंत चिकटवून टाकले. सूचनांचं पुस्तक खोक्यात तसंच राहिलं. पुस्तक वाचायला वेळ लागतो, म्हणून ते कधीच वाचत नसत.

त्याच संध्याकाळी गोपीचंदचा फोन आला. नुकताच खाणीतून वर आला होता, आवाजात धाप होती.

"आला का गा आपला मारुत?"

आता खरं सांगायचं. फोडलं म्हणायचं, चुकलं म्हणायचं. गोपीचंद दोन शिव्या घालेल आणि हसेल. श्यामरावांनी तोंड उघडलं.

"नाही ना बे. साकोलीलेच अटकला म्हणते."

"येईन, येईन. मंडईपावतर येईन तो," गोपीचंद त्यांचीच समजूत काढत म्हणाला. "तू जीव खाऊन नोको घेऊ. मी एक वस्तू बनवून राहिलो त्याच्यासाठी. सांगत नाही, आल्यावर दाखवतो."

फोन ठेवल्यावर श्यामरावांना वाईट वाटलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, कारण खोटं नीट रचायलाही थोडं थांबावं लागतं. पण वाईट वाटून माणूस हात आवरतोच असं नाही. उलट, आता लपवायचंच आहे तर जे काही करायचं ते उत्तम करावं, असं एक वेडगळ कारण त्यांच्या मनानं शोधलं. पंख लागले, शेपटी लागली. सांधे त्यांनी इतके घासले की नख फिरवलं तरी कळू नये. इतकं सुबक काम त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. पुट्टी वाळते आहे म्हणून ते चक्क शेतावर जाऊन आले आणि परत येईपर्यंत तिला बोट लावलं नाही.

मग त्यांनी चाकं बसवली आणि मारुतला टेबलावर ठेवलं.

टक् असा आवाज झाला. शेपटी टेबलाला, चोच आढ्याला.

त्यांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. दोन्ही हातांनी चोच दाबून धरली, सोडली, की मारुत सावकाश मागे बसलं. मग श्यामरावांच्या लक्षात आलं. खडा राहिला होता. चोच बंद झाली होती. आणि 'मी एक वस्तू बनवून राहिलो' म्हणजे काय, हेही त्याच क्षणी त्यांना कळलं.

त्यानंतर मंडईपर्यंत त्या माणसाचे जे हाल झाले ते विचारू नका. दुकानात पांढरा मागितला तर निळा द्यायचे. जेवताना उठून मागच्या खोलीत जायचे. सूचनांचं पुस्तक आता काढून वाचलं, तर तिसऱ्याच पानावर चोचीत वजन घालायचं मोठं चित्र होतं, बाण दाखवून. चोचीत तोफांची चार बारीक भोकं होती, त्यातून काही आत ढकलता येईल का म्हणून त्यांनी सायकलचे छर्रे घालून पाहिले. एकही शिरेना. मग ते तळ्यावर गेले. तिथे डोमा म्हणून मासेमारी करणारा आहे, त्याच्याकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घेतले. पुढच्या चाकाच्या खाचेतून भोक पाडायचं, मणी आत सोडायचे, वरून गोंद. कुणाला कळणार नव्हतं. विमान उभं राहिलं असतं.

ड्रिल हातात घेऊन ते बराच वेळ बसले. मणी घातले तर चोच भरून जाणार होती. मग गोपीचंद त्या मंडईला येऊन करणार काय? वडे खाऊन परत जाणार? त्यांनी ड्रिल ठेवलं आणि मणी डोमाला परत नेऊन दिले. डोमा म्हणाला, "कायले आणले वापस?" श्यामराव तोवर मोटारसायकलवर बसले होते.

देवकाबाईंना सगळं केव्हाच कळलं होतं. मागच्या खोलीतलं झाडणं-पुसणं त्याच करत.

"भाऊजीले काय सांगाल?" त्यांनी जेवायला वाढता वाढता विचारलं.

"सांगीन काहीतरी. दुसरं मागवतो म्हणीन. हे दाखवतच नाही."

"अन् खोकं? त्यायले रिकामं खोकं दाखवाल का?" देवकाबाई म्हणाल्या. "पाहा बाप्पा. मी भाऊजीसमोर खोटं बोलणार नाही. इचारलं तं सांगीन."

मंडईच्या दिवशी सकाळपासून गावात पाय ठेवायला जागा नव्हती. फुगेवाले, जिलबीवाले, पाळणे, लेकीबाळी, जावई. श्यामरावांच्या घरी वडे तळले जात होते, कोंबडीचा रस्सा रटरटत होता. दरवर्षी हा माणूस तासभर आधीपासून स्टँडवर जाऊन एसटीची वाट बघत उभा असे. त्या दिवशी ते दुकानाच्या गल्ल्यावर बसून राहिले. गोपीचंद आपला आपणच चालत आला. थोडा वाळला होता, दाढी पांढरी झाली होती, पण इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, लग्नाला यावं तसा.

"आला का?" त्यानं दुरूनच विचारलं.

श्यामरावांनी रचून ओठांवर आणलेलं सगळं ऐनवेळी गळून गेलं. "आला," ते म्हणाले. "चाल मागं."

मागच्या खोलीत त्यांनी टेबलावरचा टॉवेल काढला. मारुत शेपटीवर बसलं होतं. अजून रंग नव्हता, नुसता राखाडी हात दिलेला. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती लांब चोच त्या उन्हात वर बघत होती.

गोपीचंदनं चश्मा लावला. टेबलाभोवती एक चक्कर मारली. वाकून सांधे पाहिले. बाहेर दंडारीची ढोलकी सुरू झाली होती.

"मस्त जोडला," तो अखेर म्हणाला. "शिवण दिसतच नाही कुठी." मग त्यानं श्यामरावांकडे पाहिलं. "हात लावू का आता?"

श्यामरावांना तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. त्यांनी मान हलवली.

गोपीचंदनं मारुत उचललं, चाकांवर नीट ठेवलं, सोडलं. टक्. त्यानं पुन्हा ठेवलं नाही. शर्टाच्या खिशातून गाठ मारलेला रुमाल काढून सोडला. आत काळा खडा होता, पण खडा म्हणवेना असा. ग्रुपवरचे चोचीचे फोटो श्यामरावांनीच त्याला पाठवले होते, ते बघून बघून त्यानं तो दगड पाट्यावर घासत आणला होता. मागे रुंद, पुढे निमुळता, तळहातावर आरशासारखा चमकत होता. किती दिवसांच्या किती संध्याकाळी त्यात गेल्या असतील ते त्याच्या बोटांच्या सोललेल्या पेरांवर दिसत होतं.

"आता हा कुठी टाकू?" गोपीचंदनं विचारलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. श्यामराव खाली बघून बोलू लागले. खोकं कधी आलं, कशाला फोडलं, कुलदीप काय म्हणाला, सगळं एका दमात. "दुसरं मागवतो गोपी. माही शपत, कालच पाहून ठेवलं. खोकं न फोडता चिखल्यालेच पाठवतो."

"विमानाचं काय घेऊन बसला?" गोपीचंद म्हणाला. "तुहा हात आवरत नाही हे मले काय आज माहीत झालं? पण तू मले फोनवर खोटं बोलला, श्याम. अटकला म्हणे. मी तिकडं रोज इचार करू, बिचारा कसा तडफडत असन. त्याचं लागलं मले."

श्यामरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. खणातून बारीक दातांची करवत काढली आणि मारुतच्या मानेवर टेकवली. "आत्ता कापतो. आत्ताच्या आत्ता मोकळी करतो चोच."

"थांब."

गोपीचंदनं त्यांच्या हातातून करवत काढून घेतली. "तू बस," तो म्हणाला. "तिथं, पोत्यावर. अन् हात मांडीखाली ठेव."

श्यामराव कापगते चुन्याच्या पोत्यावर, हात मांडीखाली दाबून बसले. गोपीचंदनं खुर्ची ओढली, चश्मा पुसला, मारुतला उलटं करून मांडीवर घेतलं. वैमानिकाच्या काचेच्या पुढे पत्र्याच्या सांध्याची एक रेष होती, तिच्यावर बोट फिरवून बघितलं. मग करवत हलकेच चालवली. पाचसहा फेरे, की फुंकर. पुन्हा फेरे. प्लास्टिकचा भुगा रुमालावर पडत होता. इतक्या हळू कुणी काही कापताना श्यामरावांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या. "थोडा जोर—" ते एकदा म्हणाले, आणि गोपीचंदनं नुसतं वर पाहिल्यावर गप्प बसले. देवकाबाई दारात जेवायला बोलवायला आल्या, आत बघून तशाच परत गेल्या. वडे निवले, रस्स्यावर तवंग धरला. बाहेर एक दंडार संपून दुसरी सुरू झाली.

चोच सुटून गोपीचंदच्या तळहातावर आली तेव्हा कडेला एकही ओरखडा नव्हता. त्यानं खडा आत घालून पाहिला. शिरला, पण तिरपा बसत होता, एका अंगाला अजून घासायला हवा होता.

"आण पाटा," श्यामराव पोत्यावरून उठत म्हणाले. "आत्ता होते. जेवाच्या आंधी होते."

"नाही," गोपीचंद म्हणाला. त्यानं चोच आणि खडा रुमालात ठेवले, गाठ मारली आणि रुमाल शर्टाच्या खिशात घातला. "हे मी नेतो. तिकडं निवांत घासीन. पुढच्या मंडईले आणीन."

"पुढच्या?" श्यामरावांचा आवाज चिरकला. "म्हणजे वर्षानं?"

"मी तं शाळेपासून थांबलो ना बे," गोपीचंद म्हणाला, आणि मग त्यानं टेबलावरच्या बिनचोचीच्या मारुतच्या चाकावर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच राहिला. "चाल, जेवू. भूक लागली."

जेवताना तो नेहमीसारखा बोलत होता. देवकाबाईंकडून दोनदा रस्सा मागून घेतला. जुन्या विमानांवरचे अंगठे या वेळी त्यानं शोधले नाहीत, पण जेवण झाल्यावर कपाटासमोर उभा मात्र राहिला. ऊन कलल्यावर श्यामराव त्याला सोडायला स्टँडवर गेले. मंडईची गर्दी होती, एसटी फुगून आली होती. गोपीचंद धक्के खात आत चढला, खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा श्यामराव गर्दीतून वाट काढत खिडकीखाली आले.

"गोपी, सांभाळून ने. खिशावर हात ठेवजो."

"ठेवला आहे."

"फोन करजो मंग. कसं घासलं ते सांगजो."

"सांगीन."

गाडी घरघरली. श्यामराव तिच्याबरोबर चार पावलं चालले. "अन् फोटो तरी पाठवजो. बसला का नाही बसला, एकच फोटो."

गोपीचंदनं खिडकीतून मान बाहेर काढली. या खेपेला तो सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा हसला.

"नाही पाठवत," तो म्हणाला, आणि गाडी साकोलीच्या रस्त्याला लागली.